नव्वद मिलिमीटर

१

गाडी आत घ्यायची ती तोंड भिंतीकडे करून, हा बाबांचा नियम. बाबांना जाऊन चार वर्षं झाली, वर्कशॉपचे पत्रे बदलले, शटर बदललं, पण नियम जागचा हलला नाही. अर्धवट काम रस्त्याला दाखवायचं नाही. “दात पडलेल्या म्हाताऱ्याला कुणी दारात बसवतं का?” असं बाबा म्हणायचे. आता दादा तेच वाक्य, तसाच हात हवेत उडवून, गिऱ्हाइकांना ऐकवायचा.

या वेळी त्याने ते नेमकं दातांच्या डॉक्टरांना ऐकवलं.

“बसवतात की,” डॉक्टर म्हणाले. “माझ्या दारात रोज चार बसलेले असतात.”

डॉक्टरांची गाडी म्हणजे फिकट हिरव्या रंगाची, दोन दारांची, जमिनीला पोट घासेल इतकी बुटकी अशी जुनी स्पोर्ट्‌स कार होती. वडिलांनी हौसेनं घेतलेली. अकरा वर्षं कापडाखाली उभी होती. बाकी सगळं देखणं, पण पुढचा बंपर चांगला वीतभर बाहेर आलेला. त्या काळच्या बंपरांना मागे दोन नळकांडी असायची, आत तेल आणि दाबलेला वायू. गाडी हळू कुठे आपटली की बंपर आत जायचा, झटका पिऊन टाकायचा आणि सावकाश परत आपल्या जागी यायचा.

“हिचा जबडा पुढे आलाय,” डॉक्टर म्हणाले. “मागे घ्या आणि पक्का बसवा. मला हलणारं काही आवडत नाही.”

म्हणजे नळकांडी काढायची, त्यांच्या जागी आखूड ठोस नळ्या टाकायच्या आणि बंपर अंगाला चिकटवून आवळायचा. नळ्या लेथवाल्याकडून शनिवारी सकाळी मिळणार होत्या. गाडी शनिवारी दुपारी दोनला न्यायची ठरली.

सोमवारी संध्याकाळी दादाच्या धाकट्या बहिणीने बंपराच्या कोपऱ्यातली भात्यासारखी घड्या पडलेली रबरं काढली, आत टॉर्च मारला आणि ती मागे सरली.

ती मागे सरली यात कुणाला नवल वाटलं नसतं. कुकरची शिट्टी झाली तरी ती दचकायची. घरात सगळे तिला धाकटी म्हणत आणि चिडवायचं असलं की भित्री भागूबाई. इंजिनीयर होऊन एका कारखान्याच्या चाचणी विभागात लागली होती. तिथे मशीनचा आवाज वेगळा वाटला म्हणून तिने महिन्यात तीनदा लाल बटण दाबून सगळं काम थांबवलं, आणि तिन्ही वेळा मशीन ठणठणीत निघालं. चौथ्यांदा बटण दाबायच्या आधी साहेबांनीच तिला विश्रांती घ्यायला सांगितलं. दादाने काही विचारलं नाही. “उद्यापासून ये,” एवढंच म्हणाला आणि बाबांचा निळा डगला तिच्यासाठी खुंटीवर अडकवून ठेवला.

“काय झालं? उंदीर आहे का?” दादाने विचारलं.

“दांडे बघ.”

नळकांड्यातून बाहेर येऊन बंपरला मिळणारे दोन दांडे चकाकत होते. अकरा वर्षं न हललेल्या लोखंडावर गंज हवा, निदान धुळीचा थर तरी. हे रोजच्या वापरातल्या कडीसारखे गुळगुळीत, तेलकट, स्वच्छ होते.

“चांगल्या कंपनीचा माल असेल,” दादा म्हणाला आणि हात धुवायला गेला.

२

मंगळवारी तिने एक साधी युक्ती केली. अशी तपासणी ती कारखान्यात शिकली होती. डाव्या दांड्यावर एक रबरी कडी चढवायची आणि ती सरकवत नळकांड्याच्या तोंडाला टेकवून ठेवायची. दांडा आत गेला तर कडी तोंडाशीच अडते, आणि दांडा परत बाहेर आला की त्याच्यासोबत पुढे येते. जितकी पुढे दिसेल तितका बंपर आत जाऊन आला.

तिने कडी का चढवली, हे तिला नीट सांगता आलं नसतं. काही होणार नाही याची खात्री करून घ्यायची होती, बहुधा.

एक वाजता दोघांनी शटर ओढलं आणि जेवायला घरी गेली. घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. पावणेदोनला परत आल्यावर तिने टॉर्च मारला. कडी पुढे आली होती. तिने व्हर्नियर लावला. बासष्ट मिलिमीटर.

“दादा, गाडीला कुणीतरी ठोकलंय.”

“भिंतीने?”

प्रश्न रास्त होता. बंपर आणि भिंत यांच्यात जेमतेम दीड हात जागा होती. एका बाजूला कंप्रेसर, दुसऱ्या बाजूने माणूस आडवा होऊन शिरेल इतकी फट. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळ्यांच्या उटी, हँडब्रेक ओढलेला.

“मांजर चढलं असेल,” दादा म्हणाला.

“मांजराने हा बंपर बासष्ट मिलिमीटर आत जाईल? तू चढ बरं.”

दादा चढला. पंच्याऐंशी किलोचा दादा बंपरवर उभा राहून नाचला. मग दोघांनी भिंतीला पाठ टेकवली, पाय बंपरला लावले आणि घामाघूम होईपर्यंत रेटलं. दांडा तसूभर हलला नाही.

“मग तुझी कडी सरकली असेल. रबरच ते,” दादा धापा टाकत म्हणाला. “आणि हे बघ, जेवल्यावर असले व्यायाम मला सांगत जाऊ नकोस.”

ती हसली. हसताना तिने कडी पुन्हा तोंडाशी टेकवली.

३

बुधवारी ती आणखी काळजी घेऊन जेवायला गेली. चाकं आणि फरशी यांच्यावर मिळून खडूची रेघ ओढली. बंपरच्या तोंडावर खडूची पूड फुंकून पसरली, बोट टेकलं तरी ठसा उमटावा अशी.

घरी वहिनीने ताट पुढे सरकवलं. “ही कुठे बघतेय? अगं, घास तोंडात घालतात, कानात नाही.”

“हिच्या डोक्यात बंपर शिरलाय,” दादा म्हणाला.

“तरीच म्हटलं, जड का झालंय.”

तिला हसू आलं नाही. ती घड्याळ बघत होती.

परत आल्यावर तिने आधी रेघ पाहिली. रेघ सलग होती, गाडी हलली नव्हती. मग पूड पाहिली. पुडीवर एकही ठसा नव्हता. तिच्या जिवात जीव आला. मग तिने टॉर्च मारला.

अडुसष्ट.

ती त्या फटीत उकिडवी बसून राहिली. गाडी पुढे गेली नाही. बंपरला समोरून काही शिवलं नाही. तरी बंपर आत जाऊन आला. तिने हिशोब मांडला: पत्रे तापतात, दुपारी आत भट्टी होते, नळकांड्यातला वायू गरम होतो. पण गरम वायू फुगतो, दांड्याला बाहेर ढकलतो. आत कसा ओढेल? तिने तोच हिशोब तीनदा मांडला आणि तिन्ही वेळा तो उलटा आला.

तिने डॉक्टरांना फोन लावला. काहीतरी कारण हवं म्हणून विचारलं, गाडी घरी कशी उभी असायची?

“शेडमध्ये. तोंड बाहेर, समोर सगळं मोकळं मैदान,” डॉक्टर म्हणाले. मागून बारीक यंत्राचा आवाज येत होता. “समोर आम्ही कधी काही लावत नसू. मुलगा स्कूटर लावायचा, ती संध्याकाळी आडवी सापडायची. दोनदा आरसा फुटला, मग त्यानेच सोडून दिलं. उतार असेल जमिनीला. का हो?”

“काही नाही,” ती म्हणाली. “सहज.”

तिने वळून पाहिलं. इथे समोर मैदान नव्हतं. दीड हातावर भिंत होती आणि भिंतीवर बाबांनी खिळ्यांवर ओळीने टांगलेले पाने.

४

गुरुवारी तिने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि जेवायला गेली नाही. दादा गेल्यावर ती कोपऱ्यातल्या काचेच्या केबिनमध्ये बसली. पत्र्यात बसवलेल्या प्लॅस्टिकच्या तुकड्यातून ऊन पडलं होतं. भरदुपार होती. बाहेर कुणीतरी कुणाला तरी सुटे पैसे मागत होतं, लांब एक ट्रक मागे येताना टुंग टुंग करत होता. अशा वेळी कुणी भीत नाही, असं तिने स्वतःला बजावलं.

एक वाजून वीस मिनिटांनी आवाज झाला. जाड तेल बारीक भोकातून रेटलं जातं तसा, सर्दी झालेल्या माणसाने नाकातून सावकाश श्वास ओढावा तसा.

बंपर आत गेला.

धक्का बसल्यासारखा गेला असता तर ती किंचाळली असती. तो अगदी हळू गेला, दोन्हीकडून सारखा. मग आतच थांबला. तिने सेकंद मोजले. चाळीस, पन्नास. समोरच्या दीड हाताच्या जागेत ऊन पडलं होतं आणि उन्हात धूळ तरंगत होती. दुसरं काही नव्हतं. भिंतीवरचा एकही पाना हलला नाही.

मग बंपर तसाच सावकाश बाहेर आला.

तिचे हात मांड्यांखाली दाबले गेले होते, खांदे कानाशी गेले होते. आपण कसे बसलोय हे तिच्या लक्षात आलं आणि तेव्हाच ते दुसरंही लक्षात आलं. ही हालचाल तिच्या ओळखीची होती. कारखान्यात खुर्चीमागून कुणी गेलं की ती अशीच करायची. अंधाऱ्या जिन्यात समोरून कुणी उतरू लागलं की अशीच. गाडीला कुणी ठोकत नव्हतं. गाडी अंग चोरत होती.

व्हर्नियरने पंच्याहत्तर दाखवले. गाडीच्या पुस्तकात तिने पाहून ठेवलं होतं, दांडा जास्तीत जास्त नव्वद मिलिमीटर आत जातो. त्यापुढे जागा नाही.

५

शुक्रवारी तिने दादाला जेवायला जाऊ दिलं नाही. हात धरून केबिनमध्ये बसवलं.

“भूक लागलीय मला.”

“वीस मिनिटं.”

“तुझी वहिनी मला सोलून काढेल.”

“दादा, बस.”

एक वीसला बंपर आत गेला. दादा उठला, काचेला नाक लावून बघत राहिला. आपण पाहिलं ते आणखी कुणीतरी पाहिलं, आपण वेड्या नाही, या आनंदाने तिला रडू येईल असं झालं. बंपर बाहेर आला. दादा वळला आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं.

“अगं, गॅस संपलाय त्यातला! दाब राहिला नाही की दांडा असाच लटकतो, ऊन तापलं की आत-बाहेर करतो. म्हणून तर काढतोय ना आपण ते.”

“उन्हाने बाहेर जायला हवा.”

“डिग्री तुझी, पाना माझा,” दादा म्हणाला. “आत्ता डोळ्यांनी बघितलं ना मी? मग?”

“मग निदान गाडी फिरवू या. तोंड रस्त्याकडे करू. आजच.”

“बंपर अर्धा सोडवलाय, रबरं काढलीत, आणि फिरवू म्हणे.” त्याने तिच्या डोक्यावर टपली मारली. मग तिचा चेहरा पाहून आवाज खाली आणला. “हे बघ धाकटे. उद्या ठोस नळ्या पडल्या की हलायचं कामच नाही. जे हलतं ते तुला घाबरवतं, हो ना? आपण ते हलणारच नाही असं करू. माझ्यासाठी एवढं कर. एक काम पूर्ण कर, मधे न थांबता. नंतर बघ तुला कसं वाटतं ते.”

तो हे प्रेमाने म्हणाला होता. ती ‘बरं’ म्हणाली. कडी मोजायची नाही असं ठरवूनही तिने तो गेल्यावर मोजली. त्र्याऐंशी.

६

शनिवारी सकाळी नळ्या आल्या. दादाने पुढचा बंपर उतरवला, दोघांनी मिळून जुनी नळकांडी बाहेर ओढली. ही तशीच भंगारात देता येत नाहीत, आत दाब असतो, तापली की फुटतात. आधी बारीक भोक पाडून वायू सोडून द्यावा लागतो. ते काम तिच्याकडे होतं. तिने चष्मा लावला, नळकांडं शेगड्यात, टेबलावरच्या लोखंडी पकडीत, आवळलं आणि ड्रिल टेकवलं.

सूं करून वायू सुटला. तिचे केस मागे उडाले. सुटतच राहिला, शिट्टीसारखा, कानात दडे बसतील असा. दुसऱ्या नळकांड्याचंही तेच.

शेगड्याचा दांडा हातात धरून ती तशीच उभी राहिली.

“दादा. गॅस पूर्ण होता. दोन्हींत.”

दादा गाडीखाली होता. त्याचे पाय क्षणभर स्थिर झाले.

“मग चांगलंच की,” गाडीखालून आवाज आला. “गिऱ्हाइकाला सांगू नकोस, परत मागेल.”

तिला लाल बटण आठवलं. हाताच्या अंतरावर असायचं ते, तळहाताएवढं. इथे तसं काही नव्हतं. इथे दादा होता, आणि त्याला तिने बरं म्हटलं होतं. तिने डावी नळी बसवली आणि बोल्ट आवळले. एकेक पुन्हा तपासून, व्यवस्थित आवळले. एक वाजेपर्यंत बंपर चढला, अंगासरशी, देखणा. दादाने शटर खाली ओढलं, कारण उघडं दिसलं की जेवणाच्या वेळी हटकून कुणीतरी हवा भरायला येतं. मग येऊन बंपरला एक सणसणीत लाथ घातली.

“बघ. भिंत झाली भिंत. डॉक्टर दोनला येतायत. खालचे दोन नट राहिलेत, तेवढे मारतो आणि जाऊ.”

नट बंपरच्या खालच्या अंगाला होते. समोरूनच हात जायचा. दादा बाजूच्या फटीतून आत शिरला आणि भिंतीकडे पाठ करून गाडीसमोर बसला.

“दादा, ते नंतर मार. दीड वाजता.”

“पाना दे सतराचा.”

“दादा, पाच मिनिटं बाहेर ये ना. मी तुझ्या पाया पडते.”

“पडायला जागा कुठाय इथे? पाना दे.”

तिने पान्यांची ट्रॉली ओढत आणली आणि घाईत फटीच्या तोंडाशीच लावली. पाना दिला. एक नट बसला. घड्याळात एक अठरा झाले होते. दुसरा नट आडवा शिरला, दादाने शिवी दिली, उलटा फिरवून काढला, पुन्हा लावला. तोही बसला.

“झालं!” दादा उठून उभा राहिला, आळस देत, पाठ भिंतीकडे. “काय गं, मेलो का मी?”

एक वीस झाले होते.

बंपर हलला नाही. हलूच शकत नव्हता. पण गाडीतून एक आवाज आला, कुठूनसा खोलातून, लोखंड ताणलं जातं तसा, आणि चाकांखालच्या मागच्या उटी कचकन वाजल्या.

७

ती कशी आत शिरली ते तिचं तिला कळलं नाही. ट्रॉलीवरून पाय टाकून, डगला फाडून. दादाला तिथून ओढायचं एवढंच तिच्या मनात होतं. पण तो फटीच्या मधोमध उभा होता, तिला त्याच्या पलीकडे जाता येईना, म्हणून ती त्याच्या आणि भिंतीच्या मधे घुसली. पाठ भिंतीकडे, तोंड त्याच्याकडे. दोन्ही हातांनी ती त्याला ढकलू लागली.

“अगं, अगं! लहान आहेस का?” दादा हसत तिच्याकडे वळला. “समोर काय येतेस, बाजूने निघ. मी पण निघतो. ट्रॉली सरकव आधी...”

त्याने तिच्या डोक्यावरून ट्रॉलीकडे मान वळवली आणि त्याची नजर वाटेतच थांबली.

भिंत तिच्या पाठीपासून वीतभर अंतरावर होती. दादा लांब बघत होता. सरळ रस्त्यावर उभं राहून टोकाकडून येणारं काहीतरी ओळखायचा प्रयत्न करावा, तसे डोळे बारीक करून. तोंडावरचं हसू तसंच राहिलं होतं, पुसायचं राहून गेल्यासारखं.

तिने मागे पाहिलं नाही. तिला दादाचे डोळेच पुरे होते. ते बारीक होते, ते हळूहळू मोठे झाले. नजर लांबून जवळ येऊ लागली, न अडखळता, चालत्या माणसाच्या वेगाने. बाहेर टुंग टुंग करत ट्रक मागे येत होता. कुणीतरी शटरवर थाप मारून “हवा आहे का?” म्हणून विचारलं.

“दादा,” ती म्हणाली. तिच्या मानेवरचे केस पुढे आले, वारा नसताना.

“पुढे ये,” दादा म्हणाला. त्याचा असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. बाबा गेले त्या दिवशीही नाही.

“जागा नाही, दादा.”

“तरी ये.”

ती पुढे सरली. त्याने तिला छातीशी धरलं, पोट आत ओढलं, खांदे आखडले, दोन्ही टाचा बंपरला टेकवल्या. आता त्याची नजर तिच्या डोक्याच्या अगदी वर होती, इतकी जवळ की डोळे तिरळे व्हावेत.

“अजून,” तो पुटपुटला. “अंग चोर, धाकटे. आणखी थोडं. होईल जागा.”

तिने श्वास सोडून दिला आणि जितकं लहान होता येईल तितकं होऊन पाहिलं. दादा सगळा जोर लावून मागे रेटत होता. त्याच्या पोटऱ्या बंपरवर दाबल्या जाऊन थरथरत होत्या, ते तिला तिच्या गुडघ्यांत जाणवत होतं.

बंपर सूतभरही मागे गेला नाही. चांगला आवळला होता तिने.